खारी गुरगुरली, बरं झालं

पुणे, बुधवार रात्र

प्रिय सुमेधा,

आमच्याकडून तू नेलेली खारी कुत्री जेवताना तुझ्या ओजसवर गुरगुरली, म्हणून परवा फोनवर तू "हिला परत घ्याल का गं?" असं विचारलंस आणि पुढे तुला बोलवेना. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, घेऊ. आमच्या शेल्टरमधून गेलेलं कुत्रं कधीही परत येऊ शकतं, तसं दत्तकपत्रावर लिहूनच दिलेलं असतं, आणि परत आणणाऱ्याला कुणी एक शब्द बोलत नाही. ते दार उघडं आहे हे मनाशी धर आणि मग पुढचं वाच. मला मनापासून वाटतं की त्या दाराची तुला गरज पडणार नाही.

महेशनं काढलेला व्हिडिओ मी थांबवत थांबवत पाहिला. सगळ्यांना त्यात शेवटची गुरगुर ऐकू येते. तू त्याआधीचे काही सेकंद बघ. खारी जेवते आहे, शेपूट सैल आहे. ओजस स्वयंपाकघराच्या दारात येतो आणि तिचं चावणं थांबतं. तोंड भांड्यातच, पण जबडा हलत नाही, अंग ताठ. तो आणखी जवळ येतो. ती मान न वळवता फक्त डोळे त्याच्याकडे वळवते, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. जीभ नाकावरून झर्रकन फिरते. मग ओजस वाकून भांड्याला हात घालतो, आणि ती गुरगुरते. तो मागे सरकल्या क्षणी ती पुन्हा खायला लागते. त्याच्या अंगावर गेली नाही, दात लावले नाहीत. आधी तिनं तीनदा हलकेच सांगून पाहिलं, कुणाला कळलं नाही, म्हणून आवाज काढला.

नॉर्वेच्या तुरिद रुगोस या प्रशिक्षिकेनं अशा बारीक खुणा वर्षानुवर्षं टिपल्या. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, तोंड फिरवणं, मध्येच जमीन हुंगायला लागणं, समोरच्याकडे सरळ न येता वळसा घेऊन येणं. 'मला ताण आलाय, जरा दमानं घ्या' असं कुत्री एकमेकांना आणि आपल्यालाही यातून सांगतात, असं तिचं म्हणणं. शेल्टरमध्ये काम करताना मला ते रोज पटतं. नुसत्या शेपटीवर मात्र जाऊ नकोस. शेपूट हलते म्हणजे कुत्रं खूश, हे अर्धंच खरं. उंच, ताठ धरून थोडीशीच थरथरणारी शेपूट आणि अख्खी कंबर हलवणारी शेपूट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

म्हणूनच सांगते, गुरगुरल्याबद्दल तिला ओरडू नका, फटका तर मुळीच नको. मार खाऊन कुत्रं गुरगुरणं सोडतं, पण आतली भीती तशीच राहते. मग एक दिवस ते काहीच न सांगता चावतं, आणि लोक म्हणतात, "अचानक चावलं हो!" मला शेल्टरमध्ये सगळ्यात जास्त काळजी वाटते ती अशा गप्प केलेल्या कुत्र्यांची. खारी अजून बोलते आहे. तिनं तुमच्यावर तेवढा भरवसा ठेवलाय.

महेशच्या ऑफिसातल्या कुणी 'तिला बॉस कोण ते दाखवून द्या, पाठीवर पाडून धरा' असं सांगितलं, तेही डोक्यातून काढून टाका. ही कल्पना लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची निरीक्षणं मांडली, आणि त्या कोंडलेल्या जनावरांची भांडणं हाच निसर्गनियम समजला गेला. डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे 'अल्फा' शब्द जगभर गेला. पुढे मोकळ्या जंगलातले कळप पाहिल्यावर त्याच डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये लिहिलं, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे सत्तेसाठी मारामारी नसते. मूळ माणसानं कधीच सोडून दिलेली गोष्ट आपल्याकडे अजून गल्लोगल्ली सांगितली जाते आणि त्यापायी कुत्री मार खातात, याचा मला फार राग येतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. खारी जेवत असताना आणि झोपलेली असताना ओजसनं तिच्या जवळ जायचं नाही, हा नियम आजपासून. तो आठ वर्षांचा आहे, समजावलंस तर पाळेल, पण तरी तिचं भांडं स्वयंपाकघरातून हलवून मागच्या बाल्कनीत ठेव आणि जाळीचं दार लाव. मग रोज एका जेवणाला तू स्वतः एवढंच कर. ती खात असताना लांबूनच जा, ती जिथे ताठ होते त्याच्या बरंच अलीकडे थांब, उकडलेल्या चिकनचा तुकडा तिच्या भांड्याकडे टाक आणि पाठ फिरवून निघून जा. काही बोलू नकोस, थांबू नकोस, भांड्याला हात लावू नकोस. तू आलीस की खाणं जात नाही, उलट चांगलं काहीतरी येतं, हे तिला कळू दे. काही दिवसांनी तू दिसलीस की ती मान वर करून सैल तोंडानं वाट बघायला लागेल. मग एक पाऊल पुढे. ताठ झाली तर एक पाऊल मागे. घाई एवढी एकच गोष्ट यात बिघाड करते.

तिनं पायमोजा किंवा एखादी वस्तू पळवली तरी तसंच. नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. आपण धावतो ते हिसकावून घ्यायला, आणि कुत्र्याला ते लगेच कळतं. मागे न लागता पनीरचा तुकडा समोर धर, ती पायमोजा आपणहून सोडेल.

आणि एकदा डॉक्टरांकडे नेऊन आण. चिडचिडीच्या मुळाशी कितीदा तरी दुखणं निघतं. कान, दात बघायला सांग, आणि तिच्या अंगावर गोचिड्या सापडल्या होत्या असं तू म्हणालीस, म्हणून रक्त तपासून घे. गोचीडतापात कुत्रं मलूल होतं, अंगाला हात लावू देत नाही. कधी दात लागलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. तिला रेबीजची लस दिलेली असली तरीही.

सुमे, आपण हॉस्टेलला आलो तेव्हाचे पहिले दिवस आठवतात? तू तोंडावर पांघरूण घेऊन पडायचीस आणि मला वाटायचं, ही मुलगी फार गर्विष्ठ दिसते. खारीचं आत्ता तेच चाललंय. पहिले तीन दिवस भांबावलेले, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांनी घर आपलं वाटायला लागतं, असा शेल्टरवाल्यांचा ढोबळ हिशेब असतो. काहींना यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. आणि ती आली कुठून ते बघ. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ माणसं, आवाज, वस्तू ओळखीच्या होण्याचा. तो तिनं हायवेकडेच्या ढाब्यामागे घालवला. तिथे जो आधी गिळेल त्याचं पोट भरतं. मिक्सर, लिफ्ट, झाडू, यातलं काहीच तिनं पाहिलेलं नव्हतं. त्यानंतर आमचं शेल्टर. भुंकण्याचा गलका शंभर डेसिबलच्या वर गेल्याची मोजमापं शेल्टरांमध्ये झालेली आहेत. तिथे कुत्र्याला शांत झोप कुठली? ती दिवसभर झोपते म्हणून तू काळजी करत होतीस ना? झोपू दे तिला. पाहुणे, बाजार, कॅफे सगळं नंतर.

तुझ्या सासूबाई म्हणाल्या ना, "गावठी कुत्रं ते, त्याला काय शिकवणार"? त्यांना सांग की कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. अनोळखी माणसानं दोन भांड्यांपैकी एकाकडे हात दाखवला, तर घाबरलेली कुत्री जवळच येईनात, पण जी आली त्यांतल्या बहुतेकांनी दाखवलेलंच भांडं गाठलं. कुणी शिकवलेलं नसताना. आणि पुन्हापुन्हा भेटणाऱ्या माणसावर विश्वास बसायला खाऊपेक्षा मायेनं फिरवलेला हात जास्त उपयोगी पडला. फक्त तो हात तिच्या मर्जीनं फिरू दे. छातीवर, मानेच्या बाजूला दोन-तीन सेकंद खाजव आणि थांब. तिनं अंग पुढे केलं तर आणखी खाजव, तोंड वळवलं तर सोडून दे. ओजसलाही हेच शिकव, मिठी मारणं मात्र सध्या नाही.

खारीच्या कानाच्या कापलेल्या टोकाबद्दलही सासूबाईंनी विचारलं होतं. ती जखम नाही. नसबंदी झालेल्या कुत्र्यांना ही खूण करतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडून भूल द्यावी लागत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींशी वाद घालू नकोस. बहुमतानं ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानं २०१५ च्या परिपत्रकातच ते स्पष्ट केलंय. तू लसीकरणाचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना दाखव, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धर, घाण उचल. लोक हळूहळू निवळतात.

पण हे सगळं लिहिताना माझ्या मनात सारखी तू येते आहेस. तू म्हणालीस, "मला रडू येतं आणि कुणाला सांगायची लाज वाटते." शेजारचे म्हणणार, हौस केली, आता भोगा. प्राणीप्रेमी म्हणणार, जमत नव्हतं तर आणली कशाला. दोन्हीकडून बोलणी बसतात म्हणून माणसं गप्प राहतात, आणि गप्प राहिलेल्या घरातलं कुत्रं एक दिवस गुपचूप गावाबाहेर सोडलं जातं. मी असं सोडलेलं कुत्रं पाहिलंय. दिवसभर रस्त्यावरच्या प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे धावत होतं. त्या घरातली माणसं वाईट होती असं मला वाटत नाही. त्यांचा फोन उचलायला कुणी नव्हतं. कुत्रं हातात देऊन फोटो काढला की शेल्टरचं काम संपलं, ही पद्धत मला मान्य नाही, आणि आमच्या बैठकीत मी ते प्रत्येक वेळी बोलते. आता दत्तक गेलेल्या घरांसाठी एक फोन ठरवलाय, रात्री दहापर्यंत कुणीतरी उचलतंच. तो नंबर तुझ्याकडे आहे, वापर.

आणखी एक बेत चाललाय. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या लिसा गुंटर आणि क्लाइव्ह विन यांनी शेल्टरमधली कुत्री एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या घरी राहायला पाठवून पाहिली. त्या रात्रींत त्यांचा ताण उतरला, ती सलग झोपली. परत आल्यावर ताण पहिल्याइतका झाला, पण त्याहून वाढला नाही. 'थोडे दिवस माया लावून परत आणणं म्हणजे क्रूरपणा' असं म्हणणाऱ्यांना हे सांगण्यासारखं आहे. आम्हालाही तसंच सुरू करायचंय. ज्यांना कायमचं कुत्रं झेपत नाही, तेही शनिवार-रविवार देऊ शकतात. नाशकात तुझ्या ओळखीत कुणी असेल तर सांग. तुझ्यावर मात्र सध्या खारीखेरीज काही नको.

या रविवारी मी येते. वर येऊन बेल वाजवणार नाही, पोचले की खालून फोन करीन. तू तिला घेऊन गेटबाहेर ये, आपण तिघी गंगापूर रोडच्या बाजूला जरा चालू आणि मग एकत्रच घरात शिरू, म्हणजे पाहुणी दारातून अंगावर आली असं तिला वाटणार नाही. चिकन उकडून ठेव, मीठ-मसाला, कांदा-लसूण काही घालू नकोस. आणि तोवर रोजच्या जेवणाचा एक छोटा व्हिडिओ पाठवत राहा, खारीचं तोंड नीट दिसेल असा.

काकूंना नमस्कार, ओजसला पापा.

तुझी,
वैदेही