मॉस्को-ताश्कंद गाडीतल्या बाईंना थँक्यू

१९८६ चा जानेवारी, मॉस्कोत शिकत होतो, सुट्टीत ताश्कंदला निघालो आणि स्टेशनवरच पाकीट मारलं गेलं, सगळे रुबल गेले, त्यात अंगात ताप. बॅगेत आईने दिलेला चहा आणि दोन बॉलपेनं, बस. डब्याच्या अटेंडंट बाईंना मोडक्या रशियनमध्ये म्हटलं हे घ्या, खायला काहीतरी द्या. तिकडे आपल्या चहाला फार मान, दुकानात सहज मिळायचा नाही. त्यांनी पुडा उघडून वास घेतला, अर्धा चहा कागदात बांधला आणि अर्धा मला परत दिला! वर काळा ब्रेड, उकडलेली अंडी, रासबेरीचा जाम घातलेला गरम चहा, आणि स्वतःचे लोकरीचे मोजे माझ्या पायात चढवले. पेनं घेतलीच नाहीत. बाई, तुमचं नाव विचारायचं राहिलं, मोजे अजून जपून ठेवलेत.