तालमीच्या देखाव्याबद्दल

कोल्हापूर,
श्रावण

प्रिय संजू,

तालमीनं यंदा गणपतीला महिला अत्याचारावर सजीव देखावा करायचं ठरवलंय, हे चांगलंच. पण मारहाणीचा प्रसंग तेवढा उभा करू नकोस. जिच्या घरी रोज तेच चालतं, तिला तो नवऱ्याशेजारी उभं राहून बघावा लागणार, आणि घरी गेल्यावर त्यावरून टोमणे खायचे ते वेगळेच. चौकातल्या फलकावरचा नंबरही ती टिपून घेत नाही, बरोबर सासू असते. त्यापेक्षा १८१ या महिला हेल्पलाइनचा स्टिकर बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या उंचीवर लाव. तिथं दोन मिनिटं ती एकटी असते. फोन झाला की कॉल लिस्टमधून नंबर पुसायचा, हेही खाली लिही.

खरी गोची पोलिस ठाण्यात होते. बाई रात्री जाते, तिथं एनसी लिहून घेतात, आणि गुन्हा दाखल झाला असं समजून ती परत येते. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तिचा तपासच होत नाही. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेला छळ, म्हणजे पूर्वीचं ४९८-अ आणि आता न्याय संहितेचं कलम ८५, हा दखलपात्र गुन्हा आहे. म्हणून एफआयआरच मागायचा, त्याची प्रत फुकट मिळते, आणि ती हातात पडल्याशिवाय उठायचं नाही. 'आमची हद्द नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो, तिथंच नोंदवायचा. घेतच नसतील तर पोलिस अधीक्षकांना टपालानं लेखी तक्रार.

सगळ्याच जणींना नवऱ्याला आत टाकायचं नसतं रे, मार थांबायला हवा असतो. त्यासाठी २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा. त्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घटना अहवाल भरून घेतात, तिथंच माती होते. 'नेहमी मारतात' एवढंच लिहिलं की मॅजिस्ट्रेटकडचा अर्ज लंगडा पडतो. 'गौरी जेवणाच्या दिवशी लाटण्यानं मारलं, डावं मनगट सुजलं, शेजारणीनं बर्फ लावला' असं लिहायला हवं. पहिली तारीख ३ दिवसांत, निकाल ६० दिवसांत, असं कायदा म्हणतो; प्रत्यक्षात लांबतं, म्हणून निकाल लागेपर्यंतचा अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागायचा. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथं राहण्याचा हक्क मागता येतो. वकील फुकट मिळतो, बाईची कमाई कितीही असो. कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण तो देतं. त्यांचा नंबर १५१००.

बलात्काराच्या प्रकरणात मात्र घड्याळ बघायचं. थेट सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात न्या. एफआयआर नसला तरी उपचार आणि तपासणी करावीच लागते, आणि खासगी दवाखान्यालाही मोफत उपचार नाकारता येत नाहीत. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. औषधं पुढं २८ दिवस चालतात. कपडे धुवायचे नाहीत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचेही नाहीत. ओल धरून बुरशी येते नि पुरावा जातो. कागदी पिशवी, नसली तर वर्तमानपत्र. अंघोळ झाली असली तरी न्यायचंच.

तालमीतली वडीलधारी 'बसवून मिटवूया' म्हणतील. त्यांना एवढंच आठवण करून दे, की बायकांच्या छळाविरुद्ध शाहू महाराजांनी १९१९ सालीच संस्थानात कायदा केला होता. मिटवामिटवीत ती त्याच घरात, त्याच माणसाजवळ परत जाते. नि पोरांना ताकीद दे, बलात्कार पीडितेचं नाव, गल्ली, फोटो ग्रुपवर टाकणं हाही गुन्हाच आहे.

एखादीला घराबाहेर पडायचं असेल तर आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि पोरांचे जन्मदाखले एका पिशवीत घालून आधीच शेजारी ठेवायला सांगा. सखी केंद्रात, म्हणजे अत्याचार सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, ५ दिवसांपर्यंत राहायची सोय होते, पुढचं तिथलेच बघतात. रात्री कुणी दारात आलीच तर नुसत्या पोरांनी नेऊ नका, गल्लीतल्या दोन बायका आणि एक रिक्षावाला आत्ताच ठरवून ठेवा.

स्टिकर छापायला टाकायच्या आधी मजकूर मला पाठव.

तुझा,
दिग्या