बाहुली कुलपात, व्याख्यान मोबाइलवर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला ‘पीजी’ म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांच्या ऑनलाइन शिक्षणावरचा लेख वाचला. मराठवाड्यात प्राध्यापक मिळत नाहीत, सिम्युलेशनचे, म्हणजे रुग्णाऐवजी सराव करायचे, पुतळे महाग पडतात, तेव्हा मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांनी पडद्यावरून शिकवावं, असं लेखकमहाशय म्हणतात. फार सोयीचं. रात्रपाळी करून आलेले निवासी डॉक्टर ते व्याख्यान कसं ‘ऐकतात’, हे त्यांनी एकदा हॉस्टेलवर येऊन पाहावं. कॅमेरा बंद, नाव हजर, डॉक्टर गाढ झोपेत. झोपेबद्दल माझी तक्रार नाही, बिचाऱ्यांना तेवढीच मिळते.

मी प्रसूतिकक्षात परिसेविका होते. कुठल्या महाविद्यालयात, ते लिहीत नाही. एका रात्री बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. ड्यूटीवर पहिल्या वर्षाच्या मॅडम. हुशार मुलगी, शोल्डर डिस्टोशियावरचं, म्हणजे याच खांदा अडकण्यावरचं, तिचं ऑनलाइन प्रेझेंटेशन सरांनी वाखाणलेलं. पायऱ्या तोंडपाठ होत्या, पुटपुटतही होती, पण हात नुसतं डोकं धरून ओढत राहिले. मावशी वरून पोट दाबायला धावल्या. त्यानं तर खांदा आणखी रुततो! त्यांना बाजूला केलं, बाईच्या मांड्या पोटाशी दुमडायला लावल्या आणि मी ओटीपोटावर दाब दिला, तेव्हा कुठे खांदा सुटला. दाराबाहेर सासू विचारत होती, “डोकं आलंय म्हनता, मग लेकरू रडंना कामून?” लेकरू वाचलं. उजवा हात मात्र पुढे कित्येक महिने उचलत नव्हतं.

संताप याचा, की नेमका हाच प्रसंग हातात बसवणारा पुतळा त्याच इमारतीत, दोन मजले वर स्किल लॅबमध्ये होता. प्लॅस्टिकसुद्धा न काढलेला. किल्ली भांडारपालाकडे आणि भांडारपाल संध्याकाळी घरी. दिवसा मागितली तर, “खराब झाला तर वसुली कुणाकडून करायची, सिस्टर?” तपासणीचं पथक यायच्या आदल्या दिवशी मात्र लॅब उघडायची, फिनाइल फिरायचं, पुतळ्याखाली कोरी चादर यायची. खाली आमच्या बाळंतिणींना ती मिळत नव्हती.

ऑनलाइन सगळंच टाकाऊ आहे असं नाही. संशोधन पद्धतीचा कोर्स पीजींना ऑनलाइनच करावा लागतो, खुशाल करावा. तिथे कुणाचं लेकरू अडकलेलं नसतं.

इंग्लंडात ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात डॉक्टर आणि सुइणी, दोघांनाही दरवर्षी पुतळ्यावर सराव सक्तीचा केला. खांदा अडकलेल्या बाळांमध्ये इजेचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. हे २००८ मध्येच प्रसिद्ध झालंय. दोघांनाही, हे पुन्हा वाचावं. कारण तुमच्या पानभर लेखात परिचारिका एकदाच भेटतात, त्याही ‘इतर कर्मचारी’ म्हणून. रात्री तीन वाजता नव्या डॉक्टरच्या शेजारी हे इतर कर्मचारीच उभे असतात, साहेब. पुढचा लेख लिहिण्याआधी लेखकांनी त्यातल्या एखादीला फोन करावा.

आणि हो, रविवारची पुरवणी सेलूला सोमवारी मिळते. त्याचंही बघा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
सेलू, जि. परभणी