जपानला ट्रान्सफॉर्मर पाठवायचे असतील तर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांपैकी जपानला काय विकता येईल असं तू विचारलंस. कपॅसिटर आणि रेझिस्टर डोक्यातून काढून टाक. मुराता, टीडीके, तैयो युदेन ही मंडळी तिथलीच आहेत, त्यांच्या अंगणात जाऊन तू काय विकणार? जिथे हाताचं काम लागतं आणि लॉट पाचशे-हजार नगांचा असतो, तिथे मात्र जागा आहे. म्हणजे फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिक) कोअरचे, म्हणजे गाभ्याचे ट्रान्सफॉर्मर, चोक (कोअरवर गुंडाळलेली कॉइल), वायर हार्नेस (जोडणीच्या तारांचा तयार जुडगा). टेप गुंडाळणं, स्लीव्ह (तारेवरची नळी) चढवणं, टर्मिनेशन (तारेची टोकं पिनांना जोडणं) यांसाठी एवढ्याशा लॉटला मशीन बसवणं कुणालाच परवडत नाही. गिऱ्हाईक शोधायचं ते मशीन आणि कंट्रोलर बनवणाऱ्यांमध्ये. मोबाइलवाल्यांच्या नादी लागू नकोस. मशीनचं मॉडेल वर्षानुवर्षं चालतं, त्यामुळे एकदा मंजूर झालेला पार्टही तितकाच चालतो.

थेट कारखान्याचं दार ठोठावण्यापेक्षा ट्रेडिंग कंपनीमार्फत जा. ती मार्जिन घेते, पण स्टॉक ठेवते, येनमध्ये बिल करते आणि तक्रार जपानीत निस्तरते. भेटी ठरवायला जानेवारीतलं टोकियोचं नेपकॉन हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन बरं.

आता ड्रॉइंग. सगळ्यात महागडी चूक इथेच होते. जपानी ड्रॉइंगमधल्या दृश्यांची मांडणी थर्ड अँगल पद्धतीची असते, आपल्याकडे शिकवतात फर्स्ट अँगल. थर्ड अँगलमध्ये पुढच्या दृश्याखाली काढलेलं दृश्य खालून पाहिलेलं असतं. फर्स्ट अँगलच्या सवयीने तेच वरून पाहिलेलं समजलं, तर पिनांचा क्रम आरशातल्यासारखा उलटतो. ट्रान्सफॉर्मर टेस्टला पास होतो आणि त्यांच्या बोर्डावर चुकीचा बसतो. टायटल ब्लॉकमधलं कापलेल्या शंकूचं चिन्ह आधी बघ, आणि पिन 1 कुठे आहे ते फोटोवर खूण करून लेखी मंजूर करून घे.

सॅम्पलवर नंबर घाल आणि प्रत्येक नगाचं स्वतंत्र रीडिंग दे: इंडक्टन्स, लीकेज इंडक्टन्स, डीसी रेझिस्टन्स, टर्न्स रेशो (वेढ्यांचं प्रमाण), हायपॉट (इन्सुलेशनची जास्त व्होल्टेजची चाचणी). इंडक्टन्स कोणत्या फ्रीक्वेन्सीला आणि किती व्होल्टला मोजला ते लिहायलाच हवं. गॅप (मधली फट) नसलेल्या कोअरवर 0.1 व्होल्ट आणि 1 व्होल्टचं रीडिंग सारखं येत नाही, मग मीटरवरून वाद सुरू होतो. मेन्सवर चालणारा ट्रान्सफॉर्मर असेल तर तिथे 100 व्होल्ट, पूर्वेला 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला 60. डिझाइन 50 ला धर, कारण त्याच व्होल्टेजला कोअरमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) तिथे जास्त असतो.

मालात कोणती रसायनं आहेत त्याचा कागद बहुतेक केमशेर्पा या जपानी फॉर्मॅटमध्ये मागतील. वायर, टेप, स्लीव्ह, व्हार्निश, सोल्डर, सगळ्यांचा तपशील सप्लायरकडून आत्ताच गोळा करून ठेव. आरओएचएसमध्ये (घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा युरोपचा नियम) शिशाची मर्यादा 0.1 टक्का, कॅडमियमची 0.01. शिसं असलेलं सोल्डर पॉट (वितळलेल्या सोल्डरचं भांडं) त्याच टेबलावर ठेवू नकोस, तिथे वापरलेल्या एका चिमट्यानेसुद्धा लॉट बिघडतो. पॉलीयुरेथेन इनॅमलचा थर असलेली तार 390 अंशांच्या आसपास तापलेल्या सोल्डरमध्ये बुडवावी लागते. तापमान जास्त किंवा बुडवण्याची वेळ लांबली की तांबं टिनमध्ये विरघळतं, बारीक तार पिनच्या तोंडाशी बारीक होते आणि पुढे कंपनाने तुटते. बुडवण्याचे सेकंद प्रोसेस शीटवर लिही, कारागिराच्या अंदाजावर सोडू नकोस.

ऑर्डर सुरू झाल्यावर खरा पेच येतो तो फोर-एमचा: माणूस (मॅन), मशीन, मटेरियल, पद्धत (मेथड). यातलं काहीही बदलायचं तर आधी कळवायचं आणि मंजुरी मिळेपर्यंत जुन्यावरच चालायचं. टेपचा सप्लायर बदलला, तेवढंच तर, असं आपल्याला वाटतं. त्यांच्या लेखी तो वेगळा पार्ट झाला. रंग-रूपाच्या वादासाठी दोन्ही बाजूंनी सही केलेला लिमिट सॅम्पल (कुठवरचा दोष चालेल ते दाखवणारा नमुना) ठेव, नाहीतर व्हार्निशच्या एका ओघळावरून लॉट परत येईल.

पॅकिंगमध्ये फेराइट ठिसूळ आहे हे विसरू नकोस. कोअरला चीर गेली तर बाहेरून दिसत नाही, इंडक्टन्स मात्र घसरतो. खाचांचे ट्रे वापर, सीलबंद पिशवी आणि सिलिका जेल घाल, आणि लाकडी पॅलेटवर आयएसपीएम 15 चा, म्हणजे कीड मारण्यासाठी लाकूड तापवल्याचा शिक्का हवाच (लाकडाच्या गाभ्यात 56 अंश, 30 मिनिटं).

कागदपत्रांचं फार नाही: आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठी), जीएसटीसाठी दरवर्षीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र). ट्रान्सफॉर्मर आणि चोक 8504 या कस्टम्सच्या एचएस कोडखाली येतात. तिथे जपानची ड्यूटी मुळातच शून्य आहे, त्यामुळे 2011 च्या भारत-जपान सेपा व्यापार कराराचा या मालाला विशेष उपयोग नाही.

पैसे बहुधा महिनाअखेर बिलं बंद करून पुढच्या महिनाअखेरीला मिळतात. पहिल्या तारखेला पोचलेल्या मालाचे दोन महिने धरून चाल. एप्रिलअखेरचा गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन, या दिवसांत डिलिव्हरी ठेवू नकोस. आणि भाव येनमध्ये देत असशील तर फेरभावाची अट घाल. 2024 च्या जुलैत डॉलर 160 येनच्या वर गेला होता. तांबं डॉलरच्या भावाने घ्यायचं आणि विकायचं येनमध्ये, तर तोटा तुझ्याच गळ्यात पडेल.

पहिलं ड्रॉइंग आलं की कोटेशन देण्याआधी मला पाठव.

तुझा,
अविनाश