क्वेन्या देवनागरीत छापताना

महोदय,

जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९१५ च्या सुमारास रचायला घेतलेल्या क्वेन्या या कल्पित अभिजात भाषेचे शब्द मराठीत इंग्रजी उच्चारांवरून छापले जातात. ही भाषा फिनिश, लॅटिन आणि ग्रीकच्या वळणाची आहे. त्यांच्या कथाविश्वात तिला समारंभ, गीते आणि विद्येत मान आहे. तिची अक्षरे तरी नीट पडावीत.

रोमन लिपीतला ‘सी’ इथे नेहमी क, कधीही स नाही. ‘टी’ दंत्य, म्हणजे त. ट ही सरळ चूक. ब, द, ग हे म्ब, न्द, ङ्ग, ल्द, र्द अशा जोडाक्षरांतच येतात, म्हणून शब्दारंभी ते दिसले की शब्द तपासावा.

खरी अडचण स्वरांची. आ, ए, ओ हे तिन्ही ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. कन्नड-तेलुगू बोलणाऱ्या सोलापूरकरांना ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे सांगावे लागत नाहीत, पण मराठी लेखनात तो भेद दिसत नाही. आमच्या मते दीर्घासाठी अवग्रह वापरावा: एलेन्ताऽरि. शेवटची रि ऱ्हस्वच ठेवावी. मुद्रितशोधक मराठीच्या सवयीने ती दीर्घ करतात, ते टाळावे.

आघाताचा नियम वृत्ते शिकलेल्याला लगेच कळेल. उपान्त्य अक्षर गुरू असेल, म्हणजे त्यात दीर्घ किंवा संयुक्त स्वर असेल अथवा पुढे दोन व्यंजने असतील, तर आघात तिथे. नाहीतर शेवटून तिसऱ्या अक्षरावर. अवग्रह नसलेला आ मात्र इथे लघुच मोजायचा.

म्हणूनच विभक्तीतले द्वित्व गाळू नये. किर्या म्हणजे जहाज. किर्यान्ना जहाजाकडे, किर्याल्लो जहाजापासून, किर्यास्से जहाजात. ‘किर्यासे’ छापले की प्रत्यय बिघडतो आणि आघातही ‘र्या’वरून ‘कि’वर सरकतो. इथे मराठीसारखे सामान्यरूप होत नाही, प्रत्यय थेट जोडतात. षष्ठीत मात्र शेवटचा आ लोपतो: किर्यो.

अनेकवचन किर्यार् आणि दोन जहाजांसाठी द्विवचन किर्यात्. हा त् पाय मोडूनच छापावा, नाहीतर मराठी वाचक ‘किर्यात’ ही सप्तमी समजेल.

– क्वेन्याचे काही अभ्यासक, सोलापूर