हिरवा दिवा कुठे गेला?

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला सात महिने उत्तर दिले नाही, त्याबद्दल हवे तेवढे रागव. गुडघा आहे तसाच आहे, बाकी ठीक. आज लिहायला बसलो, कारण काल रात्री धाकटीने प्रथमच एकटीने अंधारात विमान उडवले, आणि कुंपणापाशी जीव मुठीत धरून उभा असताना मला सारखा तूच आठवत होतास.

गच्चीवरचे भांडण तू विसरला नसशील. विमानाला दिवे असतात ते वैमानिकाला वाट दिसावी म्हणून, असे तू म्हणायचास. इतरांना विमान दिसावे म्हणून, असे मी. आता निकाल ऐक. ताशी ९०० किलोमीटरने जाणारे विमान सेकंदाला २५० मीटर अंतर कापते, त्यामुळे समोर कितीही प्रखर झोत टाकला तरी त्यात काही दिसून वळायला वेळ उरायचा नाही. आणि मोकळ्या आकाशात झोत टाकून पाहायचे तरी काय? उतरताना मात्र पुढचा दिवा धावपट्टी खरोखरच उजळतो, म्हणून अर्धा गुण तुला. तोही नाइलाजाने, कारण विमानतळाजवळच्या गर्दीत तोच दिवा दुसऱ्या वैमानिकांना दिसावा म्हणूनही लावून ठेवतात.

भांडण जिंकून मला सुख लागले नाही, ही खरी गोष्ट आहे. मोठ्या प्रवासी विमानांत जवळ येणाऱ्या विमानाची सूचना देणारे यंत्र असते. धाकटीच्या दोन आसनी विमानात ते नाही. तिथे रेडिओ, दिवे आणि तिचे डोळे. डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा, ही पद्धत जहाजांकडून आलेली. अंधारात विमानाचा आकार दिसत नाही, तेव्हा दुसरे विमान कोणत्या दिशेला चालले आहे ते या रंगांवरूनच ओळखायचे. उजवीकडून आडव्या येणाऱ्याला वाट द्यावी असा नियम आहे, आणि तसा येणारा आपल्याला नेमका डावा पंख दाखवतो, म्हणजे तांबडा दिवा. इथवर मला कौतुकच वाटत होते. मग तिने सहज सांगितले, की काचेत इकडून तिकडे सरकणाऱ्या दिव्याची भीती नसते; एकाच जागी ठाण मांडून मोठा होत जाणारा दिवा धोक्याचा, कारण तो आपल्यावरच येत असतो. तेव्हापासून तीन रात्री मी छताकडे पाहत काढल्या. स्थिर दिवा ताऱ्यांत हरवतो म्हणून लुकलुकणारे दिवे वेगळे असतात, हे तिने माझ्या समाधानासाठी पुढे जोडले. (शुक्राला विमान समजून हात हलवणाऱ्या तुला हे तेव्हाच कळायला हवे होते.) हे पांढरे लखलखते दिवे ढगात शिरल्यावर मात्र बंद करावे लागतात, नाहीतर त्यांचा उजेड ढगावरून उलटून वैमानिकाचेच डोळे दिपवतो. म्हणजे ढगात तोही आधार गेला!

काल ती उडाली आणि माझ्यापासून दूर जाऊ लागली तेव्हा शेपटीचा पांढरा दिवा तेवढा दिसला. डावीकडे वळल्यावर तांबडा दिसू लागला, आणि पुढे कितीतरी वेळ तांबडाच. हिरव्याचा पत्ता नाही. बल्ब गेला, उजवीकडच्या कोणालाही ती आता दिसणार नाही, अशी माझी खात्रीच झाली आणि मी तिथल्या रखवालदाराला गाठले. त्याने विडी विझवली आणि सांगितले, ‘‘साहेब, विमान डावीकडून फेरी मारतंय आणि तुम्ही फेरीच्या आत उभे आहात. तुम्हाला डावा पंखच दिसणार. हिरवा पलीकडच्यांना दिसतोय.’’ शेवटी ती धावपट्टीकडे वळली, पुढचा दिवा माझ्या तोंडावर आला, आणि त्या झगझगाटात डोळे बारीक करून शोधल्यावर उजव्या हाताला तांबडा आणि डाव्या हाताला हिरवा, दोन्ही सापडले.

उतरल्यावर तिने विचारले, ‘‘बाबा, दिसले का मी?’’

‘‘बराच वेळ अर्धीच,’’ मी म्हणालो.

तुझी बदली झाली का? वहिनींच्या डोळ्यांचे काय झाले, ते कळव. आणि पैजेत लावलेली दुर्बीण आता पाठव. पुढच्या आठवड्यात धाकटी पुन्हा रात्री उडणार आहे.

तुझा,
विनायक