पडलेल्यांचेही आभार

कोथरूड, पुणे

प्रिय मध्या,

तू विचारलंस, महापालिकेची निवडणूक एकदाची झाली, आता तरी पुणं जरा शांत झालं असेल ना? चिपळूणला जाऊन तू भोळा झालायस. अरे, निवडणुकीनंतर आभारांचे फ्लेक्स लागतात. निवडून आलेला आभार मानतो हे मी समजू शकतो, पण इथे पडलेलेही मानतात. आमच्या चौकात एकाने लिहिलंय, 'पराभव मान्य, सेवा अखंड'. सेवा कुठली ते लिहायला जागा उरली नव्हती, कारण तीन चतुर्थांश फ्लेक्स त्याच्या हात जोडलेल्या फोटोने व्यापलाय.

तुला एक गंमत सांगतो. आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली १४ मार्च २०२२ ला आणि नव्यांसाठी मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात सगळा कारभार प्रशासकाकडे. म्हणजे जवळजवळ चार वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता, आणि तरीही चौकाचौकांत नगरसेवकच नगरसेवक होते. अर्धे माजी, अर्धे भावी. गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं की माजी म्हणायचा, "आता माझ्या हातात काही राहिलं नाही." भावी म्हणायचा, "अजून माझ्या हातात काही आलेलं नाही." वाढदिवसाच्या दिवशी मात्र दोघांच्याही हातात केक कापायची तलवार असायची.

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितल्यापासून मी संध्याकाळी नळस्टॉपवरून डेक्कनकडे आणि जमलं तर पुढे अलका टॉकीजच्या चौकापर्यंत जातो. खाली बघून चालावं तर पेव्हर ब्लॉक उखडलेले, वर बघावं तर फ्लेक्स. दोन्ही बघत चालायची कला आता साधलीय. आणि इतके फ्लेक्स वाचल्यावर माझं एक पक्कं मत झालंय, ते ऐक. हे फ्लेक्स आपल्यासाठी नसतातच. आपल्याला उगाच वाटतं की हा माणूस मतं मागतोय. तो आपल्याकडे बघतसुद्धा नाही. तो वरच्या साहेबांना अर्ज करतोय. पूर्वी असा अर्ज बंद पाकिटात जायचा, आता तो चौकात लावतात एवढंच. साहेबांची गाडी त्या रस्त्याने जाणार असेल त्याच्या आदल्या रात्री फ्लेक्स लागतो आणि गाडी गेली की त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पुढच्या पावसापर्यंत तो आपल्या बोकांडी.

असा अर्ज वाचायचा कसा, तेही सांगतो. सगळ्यात वर गोल गोल फोटोंची ओळ. ते दिल्लीचे आणि मुंबईचे. त्या ओळीत कोण डावीकडून पहिला आणि कोण चौथा, यावर पक्षाच्या कार्यालयात रात्र रात्र खल होतो. मग मध्यभागी वाढदिवसवाला, पांढऱ्या कडक लिननमध्ये. तो कधी सरळ उभा नसतो. कानाला फोन लावून चालत असतो, म्हणजे जनतेची कामं चालू आहेत असं दिसावं. आणि तळाला शुभेच्छुक, टपाल तिकिटाएवढ्या मुंडक्यांची रांग. यांनी पैसे दिलेले असतात, म्हणून त्यांना काढता येत नाही. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तर मी असं पाहिलंय, की गेलेला माणूस कोपऱ्यात आणि शोकाकुल मंडळी मध्ये, गॉगल लावून.

आमच्याजवळ फ्लेक्स छापणारा एक पोरगा आहे. हुशार आहे. तो म्हणाला, "काका, जून २०२२ आणि जुलै २०२३ मध्ये आमचे हाल झाले." शिवसेना फुटली, मग राष्ट्रवादी फुटली. सकाळी दिलेली ऑर्डर दुपारी बदलायची. एक गिऱ्हाईक तर दोन फायली तयार ठेवायला सांगून गेलं होतं. खालचा फोटो तोच, वरची ओळ वेगवेगळी, "फोन आला की त्यातली एक छाप." याला मी राजकीय अभ्यास म्हणतो. आणि हे फक्त प्रिंटिंगवाल्यापर्यंत राहिलं असं समजू नकोस. मार्च २०२४ मध्ये हा फोटोंचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. घड्याळवाल्या, म्हणजे अजित पवारांच्या गटाने प्रचारात शरद पवारांचा फोटो वापरू नये, हे तिथे ठरवावं लागलं. शिवाय घड्याळ या चिन्हाचा वाद अजून न्यायप्रविष्ट आहे, हे जाहिरातींमध्ये नमूद करा, असाही आदेश झाला. सिगारेटच्या पाकिटानंतर वैधानिक इशारा छापायची वेळ राजकीय पक्षावर आली आणि आपण ते पान उलटून क्रिकेट वाचायला लागलो.

तुला १९७७ आठवतं? मतदानाचं वय तेव्हा २१ आणि आपल्याला नीट मिसरूडही फुटलेलं नव्हतं, तरी जनता पक्षाच्या प्रचारात आपण पुढे. तुझं अक्षर चांगलं म्हणून काव आणि चुन्याचे डबे तुझ्याकडे, शिडी धरायला मी. मोहन धारियांचं नाव तू त्या बोळातल्या भिंतीवर असं रंगवलंस की पुढे किती तरी वर्षं ते पुसट पुसट दिसत राहिलं. भिंतीवर नाव आणि चिन्ह, बस. फोटो नाही. रिक्षातून 'ताई, माई, अक्का, विचार करा पक्का' आणि पोरं बिल्ल्यांसाठी मागे धावतायत. कुठल्या पक्षाचा बिल्ला याचं पोरांना सोयरसुतक नसायचं, छातीवर सगळे पक्ष एकत्र नांदायचे. तेव्हाचे पुढारी साधुसंत होते असं मी म्हणत नाही. प्रसिद्धी त्यांनाही हवीच असणार. पण ती मिळवायला सभेत उभं राहून तासभर बोलावं लागायचं, आणि पुण्यात तासभर बोलायचं म्हणजे पहिल्या रांगेतल्या आजोबांना तोंड द्यायचं. फ्लेक्सला कुणी प्रश्न विचारत नाही.

बाकी जाहिरातीवर राजकारण चालणं नवीन नाही. १९७१ ची 'गरीबी हटाओ' ही घोषणा आपल्या पिढीला पाठ आहे. २००४ चं 'इंडिया शायनिंग' तर सरकारी खर्चाने झळकलं आणि सरकार पडलं, तरी धडा कुणी घेतला नाही. २०१४ ला आपल्याकडे 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा' आलं. ती जाहिरात मला अजून आवडते, कारण तो प्रश्न कुणाचंही सरकार असलं तरी चालतो आणि ज्यांनी विचारला त्यांनाही नंतर विरोधकांनी विचारून झाला. २०१५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश एवढ्यांचेच फोटो हवेत. झालं, राज्याराज्यांत हाहाकार. दहाच महिन्यांत, मार्च २०१६ मध्ये, मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांनाही परवानगी मिळाली. देशाचे इतके प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतात, हा दहा महिन्यांत सुटला. मग करोनाच्या लशीच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचा फोटो आला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. दंड माझा, सुई माझ्या दंडात, फोटो त्यांचा.

पण जाहिरात ती जाहिरात म्हणून समोर येते तोवर ठीक आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीतलं 'अशोकपर्व' आठवतं का? तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची, अशोक चव्हाणांची, पानंच्या पानं स्तुती. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते प्रकरण बाहेर काढलं, की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन दैनिकांत तोच मजकूर शब्दाला शब्द तसाच आलाय. निवडणूक खर्चात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा आकडा दाखवला होता ५३७९ रुपये! चव्हाणांचं म्हणणं असं, की वर्तमानपत्रांनी ते आपणहून छापलं. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये ठपका ठेवला, दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, प्रकरण संपलं. आता ते दुसऱ्या पक्षात आहेत, त्यामुळे तेव्हा टीका करणारे आणि बचाव करणारे दोघांनाही ते आठवत नाही. माझं मात्र त्या ५३७९ वर प्रेम बसलंय. पाच हजार तीनशे ठीक होते रे, वरचे एकोणऐंशी कसले असतील?

आता पैशावाल्यांचं. भोसरीचे दत्ता फुगे तुला आठवत असतील, तीन किलोंहून जास्त सोन्याचा, सव्वा कोटीचा शर्ट शिवून घेतला होता त्यांनी. जगभरच्या वाहिन्या आल्या. आपण सगळे हसलो, मीही हसलो. २०१६ मध्ये त्यांचा खून झाला, तेव्हाही बातमीत नाव आधी शर्टाचं आणि मग माणसाचं.

हसू येणं थांबावं असं आणखी एक आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या बाजाराजवळच्या चौकात रेल्वेच्या जागेतलं होर्डिंग काढताना सांगाडा सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर पडला. चार जण गेले. एप्रिल २०२३ मध्ये किवळ्याला होर्डिंग कोसळलं, पाच जण गेले. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं, सतरा जण. घाटकोपरचं १२० फूट बाय १२० फूट होतं, परवानगीची मर्यादा ४० बाय ४०. आणि त्या धुडाची नोंद देशातलं सर्वांत मोठं होर्डिंग म्हणून 'लिम्का बुक'मध्ये झालेली होती. विक्रम! बेकायदा वस्तूलासुद्धा आपल्याकडे मोठेपणा हवा असतो आणि तो मिळतोही. जुन्या बाजाराचं ऐकल्यापासून मी सिग्नलला उभा असताना वर बघतो. पुढे हळूच दोन पावलं सरकतो, मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे.

पण एवढ्या सगळ्या फ्लेक्समध्ये एक मला मनापासून आवडला होता. त्याच २०१८ च्या ऑगस्टमध्ये पिंपळे सौदागर भागात एका तरुणाने रुसलेल्या मैत्रिणीची माफी मागायला तीनशेच्या आसपास फलक लावले. तिचं लाडाचं नाव आणि पुढे 'आय ॲम सॉरी'. अर्थात तेही बेकायदाच, महापालिका मागे लागली, पोलीस मागे लागले. बिचाऱ्या मुलीला काय वाटलं असेल ते वेगळंच, मी तिच्या जागी असतो तर आयुष्यभर बोललो नसतो. तरी विचार कर, वरची गोल ओळ नाही, तळाला मुंडकी नाहीत, स्वतःचा फोटो नाही. इतक्या वर्षांत पुण्याच्या आसपास सॉरी म्हणणारा फ्लेक्स मी दुसरा ऐकलेला नाही. रस्त्याच्या कडेला 'खड्ड्यांबद्दल क्षमस्व, आपला नगरसेवक' असा एक जरी लागला, तर मी त्या माणसाला पक्ष न बघता मत देईन. हिला हे सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही मत द्याल, पण त्याला पुन्हा तिकीट कोण देईल?" माझा अर्जाचा सिद्धांत तिला न सांगता कळला.

आता तू पत्राच्या शेवटी सहज म्हणून सांगितलेली गोष्ट. कुठल्याशा संस्थेने तुला 'जीवनगौरव' द्यायचं ठरवलंय, समारंभ पुण्यात आहे आणि 'सहभाग शुल्क' सात हजार. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि दोन पास त्यात धरलेत, बातमी छापून आणायची असेल तर वेगळे. घेऊ का, असं तू विचारलं नाहीस, पण मी तुला ओळखतो.

माझ्या मेहुण्याला गेल्या वर्षी असाच मिळाला. मी गेलो होतो. टिळक रोडजवळचं सभागृह, स्टेजवर चाळीसेक पुरस्कारार्थी शाळेतल्या पोरांसारखे रांगेत. सूत्रसंचालिका नावं घाईघाईने वाचत होती, आमच्या मेहुण्याचं आडनाव चुकलं. प्रमुख पाहुणे कुणाकडेच बघत नव्हते, त्यांची नजर सतत कॅमेऱ्यावर, तेवढ्यात फोटोग्राफर ओरडायचा, "सर, नारळ जरा वर!" पहिले दहा झाल्यावर पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं, ते गेले. उरलेल्या तीस जणांना गौरव दिला तो संस्थेच्या खजिनदाराने. प्रेक्षकांत कोण? एकमेकांचे नातेवाईक. आपला माणूस उतरला की ती रांग उठून बटाटेवड्याकडे. शेवटच्या बाईंना, अंगणवाडीत उभी हयात घालवलेल्या, टाळ्या वाजवायला मी, ही आणि माईकवाला उरलो होतो. त्या बाई मात्र खुशीत होत्या. घरी लावायला फोटो मिळाला, म्हणाल्या. मला त्यांना हसता आलं नाही.

म्हणून तुला 'घेऊ नकोस' असं ठणकावून सांगायला माझी जीभ रेटत नाही. तीस-बत्तीस वर्षं तू शाळेत गणित शिकवलंस, निरोप समारंभात तुला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि तेही मागे पडणारं. कुणीतरी माईकवर तुझं नाव घ्यावं असं वाटलं तर त्यात गैर काय? फक्त ते सात हजार त्यांना देऊ नकोस. त्याऐवजी वहिनींना घेऊन इकडे ये. आपली शाळेतली चारपाच टाळकी अजून शाबूत आहेत, आमच्या गच्चीवर जमवतो. दिन्या भाषण करेल, त्याला थांबवायची जबाबदारी तुझी. फोटो काढणार नाही. मटार उसळ ही करेल, श्रीखंड मी आणतो.

शालीचीही काळजी नको. मेहुण्याच्या सत्कारांतल्या तीन शाली आमच्या कपाटात पडल्या आहेत, एक तुला आणि एक वहिनींना. घडी मोडलेली नाही, फक्त एकीवर हळदीचा डाग आहे, ती तुला.

तुझा,
अन्या